बैल हाकणारा कावसजी आणि त्याचे नवे नाक

दरवर्षी श्रावण संपत आला की मंडळातर्फे आम्ही काही जण मूर्ती बघायला कुंभारवाड्यात जातो. यंदा गेलो तेव्हा एका मूर्तीची सोंड वाळताना तडकली होती. कारागिराने तडकलेली कड आधी चाकूने खरवडली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि मग ओल्या मातीचा तुकडा असा बसवला की सांधा कुठे आहे हे आम्हाला शोधूनही सापडेना. कड खरवडली कशाला, असे आम्ही विचारले. सुकलेल्या कडेला नवी माती धरत नाही, ती कड ताजी करून घ्यावी लागते, असे त्यांनी काम न थांबवता सांगितले.

त्या उत्तराने आम्हाला एक जुनी हकिगत आठवली आणि यंदाच्या स्मरणिकेत चरित्र कोणाचे द्यायचे हा प्रश्नही सुटला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कुंभाराने हेच काम मातीवर नव्हे, जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर केले होते. ज्याच्यावर केले त्याचे नाव कावसजी. जगात कुठेही प्लास्टिक सर्जरी शिकणारा डॉक्टर घ्या, त्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत हे नाव येते. आपल्या मराठी घरांत मात्र ते फारसे कोणाला माहीत नाही.

नाव ऐकून हा माणूस पारशी असावा असे वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण त्या काळच्या नोंदीत त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. म्हणजे आपल्यासारख्याच शिवारातला, बैलांत वाढलेला माणूस. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता.

बैलांवर चाललेले युद्ध

१७९० च्या जून महिन्यात पुण्यात पेशवे आणि इंग्रज यांचा टिपू सुलतानाविरुद्ध करार झाला. पुढच्याच महिन्यात निजामही त्यात आला. आपल्या भागाला ही मोहीम परकी नाही. मराठी फौजेचे एक प्रमुख सेनापती तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते, आणि पटवर्धनांची मिरज, कुरुंदवाड ही ठाणी आपल्या बोरगावपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण भाऊंच्या फौजेला मिळाली आणि दोघांनी मिळून धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. तो किल्ला हाती यायला जवळजवळ सहा महिने लागले. १७९१ च्या एप्रिलच्या सुरुवातीला धारवाड पडले.

आज युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा आणि घोडे येतात. पण तोफ ओढायची कोणी, दाणापाणी वाहायचे कोणी, दारूगोळा पाठीवर घ्यायचा कोणी? हे सगळे बैल करीत. एका फौजेमागे हजारो बैल आणि ते हाकणारी हजारो माणसे चालत. हातात आसूड, खांद्यावर घोंगडे, आणि अंगावर ना चिलखत ना हत्यार.

बैल गेले की युद्ध कसे बसते, याचा अनुभव इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस याने १७९१ च्या मे महिन्यात घेतला. श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी जाऊन पोहोचलेली त्याची फौज मागे फिरली, कारण चारा नव्हता, बैल मरून पडत होते आणि माणसे उपाशी होती. ओढायला जनावर न उरल्याने त्याला आपल्याच मोठ्या तोफा निकामी कराव्या लागल्या. माघारीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा भेटल्या आणि मराठ्यांच्या बाजारातल्या धान्यावर ती उपाशी फौज सावरली. शत्रूला जेरीस आणायचे तर त्याचे बैल आणि बैलवाले गाठायचे, हे त्यामुळे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

या युद्धात कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रज फौजेला येऊन मिळाला. १७९२ च्या मार्चमध्ये तह झाला आणि लढाई संपली. कंपनी सरकारने कावसजीला पेन्शन बांधून दिली.

एक गोष्ट येथे नीट सांगितली पाहिजे. नाक कापणे ही काही एकाच राजाची किंवा एकाच धर्माची रीत नव्हती. १७६७ साली नेपाळात कीर्तिपूर जिंकल्यावर गोरखा राजा पृथ्वीनारायण शाहाच्या फौजेने तिथल्या लोकांची नाके कापली होती. चोरीला, व्यभिचाराला, फितुरीला नाक कापण्याची शिक्षा अनेक मुलखांत चाले. ही हकिगत आज कोणावर बोट दाखवण्यासाठी आम्ही लिहीत नाही.

नाकच का?

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. घराण्याची अब्रू गेली की आपण नाक कापले गेले म्हणतो. माज आला की नाक वर होते, शरण जावे लागले की नाक घासावे लागते, हैराण झालो की नाकी नऊ येतात. देहाच्या दुसऱ्या कोणत्या अवयवावर आपल्या भाषेने एवढा भार टाकला आहे? हात तुटलेल्या माणसाकडे लोक कळवळ्याने बघतात. नाक नसलेल्या माणसाकडे मात्र आधी संशयाने बघतात, कारण हे नाक लढाईत गेले की शिक्षेत, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते.

कावसजी वर्षाहून अधिक काळ असा राहिला. पेन्शन होती, पोटाची सोय होती. पण लग्नकार्याला, बाजाराला, देवळात जाताना उपरण्याने तोंड झाकणे आले. जेवताना, बोलताना, सर्दीपडशात होणारे हाल वेगळेच. हात परत येणार नव्हता. नाक मात्र परत करून देणारी माणसे पुण्याच्या परिसरात आहेत हे तेव्हा लोकांना माहीत होते, आणि कावसजी त्यांच्यापैकी एकाकडे गेला. इंग्रजी नोंदीत या माणसाची जात विटा करणाऱ्याची दिली आहे. विटा पाडणारा आणि भाजणारा म्हणजे आपला कुंभारच.

पंचवीस दिवसांचे काम

शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली. ती कशी करीत हे मुंबई इलाख्याच्या सेवेतल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी स्वतः डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून तिची तपशीलवार नोंद राहिली.

आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकाच्या जागेवर बसवायचा आणि त्याला नाकाचा आकार द्यायचा. आकार मनासारखा झाला की तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. मेणाचे काम तिथे संपले. आता त्या रेघेवरून कपाळाची कातडी चाकूने सोडवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक लहानशी पट्टी जोडलेलीच ठेवायची.

मग नाकाच्या खुंटावरची जुनी, वाळलेली व्रणाची कड तासून ताजी करायची. कुंभारवाड्यातले उत्तर वाचकांना आठवले असेल. त्या ताज्या जागेच्या लगेच मागे, दोन्ही नाकपुड्यांच्या भोवतीने वरच्या ओठापर्यंत एक चीर द्यायची. कपाळाची सुटलेली कातडी खाली आणायची, अर्धा पीळ देऊन तिची चांगली बाजू वर घ्यायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. त्यावर पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. पानात खातो तोच कात! चार दिवस दुसरे काही नाही. नंतर पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या, म्हणजे वाट बुजत नाही. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापायची आणि थोडे तासून नाकाला डौल आणायचा.

ती पट्टी एवढे दिवस कशासाठी ठेवायची, हे ज्याच्या परसात आंबा आहे त्याला लगेच कळेल. भेटकलम बांधताना आपण मूळ झाडाची फांदी तोडत नाही. फांदी झाडाचा रस पीत राहते आणि इकडे रोपाशी तिची सालपटे जुळतात. सांधा धरला की मगच झाडाकडची बाजू कापतो. कपाळाची कातडी तशीच. डोळ्यांमधल्या पट्टीतून तिला रक्त मिळत राहते. इकडे नाकाच्या जागी ती रुजली की पट्टीची गरज संपते. पट्टी आधीच कापली असती तर ती जाड कातडी काळी पडून गळाली असती. रक्ताभिसरणाची चित्रे न पाहिलेल्या माणसाला हे हाताच्या अनुभवाने माहीत होते.

ही विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत सांगितली आहे. पुढे कपाळाची कातडी घेण्याची रीत रूढ झाली. पुण्याकडे कुंभार हे काम करीत, तर हिमालयात कांगड्याला काही घराण्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या चालवले.

ज्याबद्दल नोंद गप्प आहे

एवढ्या बारकाईने लिहिलेल्या त्या हकिगतीत कात आहे, तूप आहे, कापडाच्या पट्ट्यांची संख्यासुद्धा आहे. भुलीबद्दल मात्र एक शब्द नाही. कातडी बधिर करण्यासाठी काही लावले असे त्यात कुठेही आलेले नाही.

सुश्रुताने शस्त्रकर्माआधी रोग्याला जेवू घालावे आणि पिणाऱ्याला कडक मद्य पाजावे असे सांगितले आहे, म्हणजे त्याला शस्त्र कळणार नाही. या देशात आणि युरोपातही शतकानुशतके तेवढाच आधार होता. बाकी रोग्याला धरून ठेवणारी चार दांडगी माणसे आणि चाकू चालवणाऱ्याचा झपाटा.

वाचकहो, दाढी करताना ब्लेड लागले तरी आपण ओरडतो. कपाळाची कातडी नसांनी भरलेली असते. तिथे नाकाच्या आकाराभोवती चाकू फिरवायचा, ती हाडावरून सोडवायची, मग नाकाचा खुंट तासायचा, मग ओठापर्यंत चीर द्यायची. आणि हे सगळे पुरे जागेपणी. इतके सोसून पाच दिवस उताणे पडायचे, आणि पंचवीस दिवसांनी पुन्हा त्याच चाकूखाली जायचे. पहिल्या वेळी चाकू आला तो शत्रूच्या हातून आणि बळजबरीने. या वेळी तो माणूस आपल्या पायांनी चालत गेला. कुंभाराच्या कसबाचे कौतुक सगळे करतात आणि ते केलेच पाहिजे. पण आम्हाला वाटते, त्या कसबातला निम्मा वाटा सोसणाऱ्याचा होता. रोगी हलला असता तर जगातला कोणताही हात ते नाक बसवू शकला नसता.

कपाळाच्या कातडीची आणखी एक गंमत आजचे डॉक्टर सांगतात. डोळ्यांमधली पट्टी जोडलेली असते तोवर त्या कातडीच्या नसा कपाळाच्याच असतात. त्यामुळे नव्या नाकावर माशी बसली तर रोग्याला ती कपाळावर बसल्यासारखी वाटते! पट्टी कापली की नाक बधिर होते आणि मग हळूहळू, महिने गेल्यावर, तिथे थोडीफार जाण येते. म्हणजे कावसजीच्या नव्या नाकाला बधिरपणा मिळाला, पण तो काम झाल्यानंतर. ज्या दिवशी हवा होता त्या दिवशी तो कोणाकडेच नव्हता.

पुण्याहून लंडनला

त्या वेळी पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकारही तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवरावांची आणि नाना फडणविसांची चित्रे काढणारा तोच हा वेल्स. त्याने १७९४ च्या जानेवारीत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले. ज्या हाताने पेशव्यांचा चेहरा रंगवला त्याच हाताने एका बैलवाल्याचा चेहरा रंगवला, आणि सगळ्या जगात पोहोचला तो बैलवाल्याचा.

त्या चित्राची छापील प्रत आणि शस्त्रक्रियेची हकिगत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात आली. नवे नाक पक्के बसते, जवळजवळ मूळच्या नाकासारखे दिसते आणि कपाळावरचा व्रणही काळाने फारसा जाणवत नाही, असे तिथे नमूद केले होते. युरोपातल्या डॉक्टरांना हे नवे होते. इटलीत सोळाव्या शतकात टालियाकोत्झी नावाचा वैद्य दंडाच्या कातडीने नाक करीत असे, पण त्यासाठी रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे, आणि ती रीतही पुढे मागे पडली होती.

लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू याने ही हकिगत वाचली आणि मनात धरून ठेवली. मृतदेहांवर सराव केला, हिंदुस्थानातून आलेल्या लोकांकडे चौकशी केली, आणि अखेर १८१४ च्या ऑक्टोबरमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर पहिली शस्त्रक्रिया केली. दुसरी एका लढाईत तलवारीने चेहरा कापला गेलेल्या अधिकाऱ्यावर. दोन्ही यशस्वी झाल्या. १८१६ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. पुढे दोनच वर्षांत जर्मनीत ग्रेफे या सर्जनचे नाक बनवण्यावरचे पुस्तक निघाले आणि ही विद्या युरोपभर पसरली. आजही कपाळाच्या कातडीने नाक करतात तेव्हा त्या रीतीला भारतीय पद्धत असेच म्हणतात.

कार्प्यूच्या रोग्यांनीही सगळे जागेपणीच सोसले. लंडन असो की पुणे, चाकू सगळीकडे सारखाच कापत होता.

आणि एक खंत इथेच लिहून ठेवतो. चित्रकाराचे नाव राहिले, रेसिडेंटचे राहिले, बघणाऱ्या दोन डॉक्टरांचे राहिले, वाचून अनुकरण करणाऱ्याचे राहिले. ज्या कुंभाराने ते नाक केले त्याचे नाव कोणी लिहून घेतले नाही. त्याची फक्त जात नोंदवली गेली.

भूल कशी आली

गुंगी आणणारी भूल आली ती कावसजीनंतर अर्ध्या शतकाने. १८४६ साली अमेरिकेत बोस्टनला इथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये क्लोरोफॉर्म आले. पण त्यात सगळा माणूसच झोपवावा लागे, आणि कधीकधी तो उठत नसे. नेमकी तेवढीच जागा बधिर करता येईल का, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या सत्तावीस वर्षांच्याही आतल्या तरुण डॉक्टरला सापडले. कोकेनच्या पाण्याचा थेंब त्याने आधी बेडकाच्या डोळ्यात टाकला, मग स्वतःच्या आणि सोबत्याच्या डोळ्यात टाकून टाचणीच्या टोकाने स्पर्श करून पाहिला. काही कळले नाही! हायडेलबर्गच्या परिषदेला जाण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचला. काही महिन्यांत ती बातमी जगभर झाली.

पण डोळा वेगळा आणि कातडी वेगळी. डोळ्यावरचे आणि तोंडातले अस्तर ओले असते, औषध आत शिरते. अंगावरच्या कातडीचा वरचा थर कोरडा आणि घट्ट, कौलांसारखा एकावर एक बसलेला. पाणी आत जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय औषधालाही अडवते. त्यामुळे कातडी बधिर करायची तर सुई टोचणे भाग होते. दुखू नये म्हणून आधी दुखवायचे, असा तो प्रकार.

१९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. आपल्याकडचे डॉक्टर त्याला लिग्नोकेन म्हणतात, दात काढताना देतात तेच. पुढे तिथल्याच संशोधकांना असे आढळले की लिडोकेन आणि प्रिलोकेन या दोन कोरड्या पुडी सारख्या प्रमाणात एकत्र केल्या की दोन्ही वितळून तेलासारख्या होतात. वाचकांना हे अजब वाटेल, पण आपल्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कापूर, ओव्याचा अर्क आणि पुदिन्याचा अर्क हे तीन कोरडे खडे बाटलीत एकत्र टाकले की त्यांचे आपोआप पाणी होते, तीच आपली अमृतधारा. त्या तेलाचे मलम केले की औषध कातडीत मुरते. १९८० च्या दशकात हे मलम वापरात आले. त्यात दोन्ही औषधे अडीच अडीच टक्के असतात.

बोरगावातला एक प्रसंग

आता आमच्या घरची गोष्ट. आपल्या पट्ट्यात ऊस आहे आणि गुऱ्हाळे आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या पुतण्याच्या पायावर काहिलीतला उकळता रस उडाला. कोणी शाई लावा म्हणाले, कोणी टूथपेस्ट. (दोन्ही लावू नये. वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहावे आणि दवाखाना गाठावा.) घोट्याजवळ तळहाताएवढी जखम राहिली, ती भरेना. शेवटी मांडीची कातडी काढून तिथे लावायचे ठरले.

ही कातडी भेटकलमासारखी जोडलेली नसते. ती पापडापेक्षा पातळ सोलून घेतात आणि ताज्या जखमेवर पसरतात, म्हणजे तुटक्या काडीचे कलम. पातळ असल्याने ती सुरुवातीला खालच्या जखमेतल्या पाझरावर तगते आणि काही दिवसांत तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. मांडीवरची जागा आपली आपण भरून येते. पण दुखते ती मांडीच. पायाची जखम बरी वाटू लागते आणि जिथून कातडी घेतली तिथे आग होते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

एका दवाखान्यात मांडीवर मलम लावले आणि अर्ध्याच तासात पुसून काम सुरू केले. पोराने असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या आजीने देव पाण्यात ठेवायला सांगितले. काम अर्धवट राहिले. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, घाई कुठेही होते. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी मलमाचा जाड थर दिला, त्यावर प्लास्टिकचा चिकट कागद लावला, वर वेळ लिहिली आणि दोन तास कोणी हात लावायचा नाही असे बजावले. आजी दर दहा मिनिटांनी विचारीत होती, अजून किती वेळ? दोन तासांनी त्यांनी टोचून खात्री केली आणि मगच पाते चालवले. पोरगा छताकडे बघत पडून होता. कुणीतरी मांडीवरून कागद ओढतंय असं वाटलं काकी, एवढेच तो नंतर म्हणाला.

तेवढ्या दोन तासांत आम्हाला कावसजी कळला. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही ज्या वेळेला कंटाळत होतो, तो वेळ त्याला मिळाला असता तर त्याने काय दिले असते?

एक सूचना मात्र जोडतो. हे मलम हल्ली गोंदवण्यासाठी, केस काढण्यासाठी मेडिकलमधून सर्रास आणतात. ते साधे मलम नव्हे. फार मोठ्या जागेवर किंवा उघड्या जखमेवर भरमसाट लावले तर औषध रक्तात जाऊन हृदयाला आणि मेंदूला त्रास होऊ शकतो, तान्ह्या मुलांना तर जास्तच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. मोठी शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञच हवा, तिथे मलमाचे काम नाही.

शेवटी

कावसजीची गोष्ट सांगताना प्राचीन काळी आपल्याकडे सगळे होते असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हालाही झाला. पण खरे ते खरे सांगावे. कातडी हलवून जिवंत ठेवण्याची विद्या आपल्या कुंभारांच्या हातात होती आणि ती जगाने आपल्याकडून घेतली. ती कातडी न दुखवता हलवण्याची विद्या जगाने शोधली आणि ती आपण घेतली. आपल्या पोराची मांडी सोलताना दोन्ही विद्या एका टेबलावर आल्या, म्हणून तो हसत घरी आला.

यंदा मूर्ती घरी आणाल तेव्हा सोंडेचा तो सांधा शोधून पाहा. सापडणार नाही. पण ज्याच्या हाताने तो बसवला त्याचे नाव विचारून घ्या आणि वर्गणीच्या वहीत, देणगीदारांच्या यादीशेजारी, तेही लिहा. आमच्या मंडळाने यंदापासून तसे ठरवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!